रिकाम्या जागेत पोहता येईल का?

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक बातमी फिरून येते: ‘नासाच्या शास्त्रज्ञाने वॉर्प बुडबुडा तयार केला, आता प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास!’ तिचे मूळ २०२१ मधले. नासात पूर्वी काम केलेले हॅरॉल्ड व्हाइट आणि त्यांचे सहकारी अतिसूक्ष्म फटींमधल्या ऊर्जेचा हिशेब करत होते. त्यातून निघालेली ऊर्जेची मांडणी वॉर्पच्या, म्हणजे यानाभोवतीची जागाच आकुंचन-प्रसरण पाववून प्रवास करण्याच्या कल्पनेच्या, समीकरणातल्या मांडणीसारखी दिसली, इतकेच. प्रयोगशाळेत बुडबुडा बनला नव्हता आणि काही हललेही नव्हते.

अशा बातम्यांमुळे एक फार सुंदर प्रश्न बाजूला पडतो, याचे मला वाईट वाटते. अवकाश आणि काळ मिळून जो अवकाशकाल होतो, त्याच्या वक्रतेचा, म्हणजे वाकलेपणाचा, वापर करून पुढे सरकता येते का? तत्त्वतः येते. शिवाय त्यामागची युक्ती समजायला दहावीचे गणित पुरते.

आधी सपाट जागेचा नियम पाहू. रॉकेट पुढे जाते कारण ते वायू मागे फेकते. अगदी निसरड्या बर्फावर बसून कितीही हातपाय झाडले, तरी काही फेकल्याशिवाय किंवा कशाला रेटल्याशिवाय आपले वस्तुमानकेंद्र तसूभरही हलत नाही. पाटावर बसून तोच पाट उचलता येत नाही, तसेच हे. २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या जॅक विझडम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की वक्र अवकाशकालात हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही.

वक्र जागेचे सोपे उदाहरण म्हणून एक गुळगुळीत, स्थिर गोल डोळ्यांसमोर आणा. त्यावर पृथ्वीसारख्या अक्षांश-रेखांशाच्या रेषा काढा. विषुववृत्तावर एक प्राणी आहे. त्याचे डोके म्हणजे एक किलोचे वजन, आणि शेपटीच्या जागी अर्ध्या अर्ध्या किलोची दोन वजने. ही तीन वजने आखडत्या-लांबत्या दांड्यांनी जोडलेली आहेत. ती गोलाला चिकटून राहतात, पण घर्षण अजिबात नाही. सुरुवातीला सगळे स्तब्ध.

पहिली पायरी: प्राणी अंग ताणतो, डोके आणि शेपूट यांच्यात दहा अंश रेखांशाचे अंतर पाडतो. दोन्ही बाजूंना एकेक किलो, म्हणून डोके पाच अंश पूर्वेला आणि शेपूट पाच अंश पश्चिमेला जाते. दुसरी पायरी: शेपटीची दोन वजने तो फाकवतो, एक ६० अंश उत्तरेला आणि दुसरे ६० अंश दक्षिणेला. दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे रेखांश बदलत नाही. आता तिसरी पायरी, आणि सगळी गंमत इथेच आहे. तो अंग आखडतो. ६० अंश अक्षांशावर गोलाच्या अक्षापासूनचे अंतर निम्मे झालेले असते आणि फिरण्याचे जडत्व अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे शेपटीचा एक किलो आता पाव किलोइतकाच ‘जड’ राहिला. हलकी बाजू जास्त सरकते. दहा अंशांची फट मिटताना शेपूट आठ अंश पुढे येते आणि डोके फक्त दोन अंश मागे. चौथ्या पायरीत फाकवलेली वजने परत जवळ घेतली की प्राणी मूळ आकारात येतो.

हिशेब करा. डोके पाच पुढे, दोन मागे. शेपूट पाच मागे, आठ पुढे. अख्खा प्राणी तीन अंश पूर्वेला सरकला! त्याने काही फेकले नाही, कशाला रेटले नाही, आणि कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, पूर्ण वेळ शून्यच होता. न्यूटनच्या कोणत्याही नियमाला धक्का लागलेला नाही. हेच सपाट टेबलावर करून पाहा: शेपूट कितीही फाकवा, तिचे जडत्व एक किलोचेच राहते आणि जमाखर्च शून्यावर येतो. गोलाची वक्रता हेच त्या प्राण्याचे पाणी.

छतावरून उलटी पडणारी मांजर हवेतच वळून पायांवर उतरते, तेही या युक्तीचे भावंड. एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये मालिकेत फोटो घेऊन ते दाखवले होते. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की आकारांच्या अवकाशात एक बंद फेरी मारून परत आलात की जी शिल्लक उरते, तिला भौमितिक कला (geometric phase) म्हणतात. पुण्याच्या अक्षांशावर फूकोच्या लंबकाचे, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे झोक्याची दिशा हळूहळू बदलणाऱ्या लांब लंबकाचे, प्रतल दिवसाला सुमारे ११४ अंश वळते, तीही अशीच शिल्लक. २०२२ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या झेब रॉकलिन यांच्या चमूने गोलाच्या पृष्ठभागापुरत्या बांधून ठेवलेल्या, वक्र रुळांवर मोटारी पळवणाऱ्या यंत्रमानवाकडून ही हालचाल प्रत्यक्ष करून घेतली.

मग याचे इंजिन का होत नाही? कारण प्राणी लहान झाला की सगळे बिघडते. शेपूट ६० ऐवजी एकच अंश फाकवली तर जडत्वात दहा हजारांत तीन भागांचा फरक पडतो आणि सरकणे जवळजवळ शून्य होते. शरीराच्या मापाने जागा किती वाकलेली आहे, यावर सारे अवलंबून. पृथ्वीजवळचा अवकाशकाल वाकलेला आहे खरा, पण आपल्या मापाने तो जवळपास सपाटच. विझडम यांच्या हिशेबानुसार पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक मीटरच्या शरीराने एक मीटरचे हातवारे केले, तर एका फेरीत ते जेवढे सरकेल ते अंतर मीटरमध्ये लिहायला दशांश चिन्हापुढे २२ शून्ये देऊन मग १ लिहावा लागतो. सेकंदाला एक फेरी या गतीने विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत, म्हणजे १३.८ अब्ज वर्षे, न थांबता पोहत राहिले तरी जमा होईल मिलिमीटरचा सुमारे दोनशे पन्नासावा भाग. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी.

वॉर्पची कल्पना वेगळी. मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये समीकरण मांडले: यानापुढची जागा आकुंचन पावते, मागची प्रसरण पावते, यान मध्ये निवांत. त्यासाठी ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते, आणि १९९७ मधल्या एका हिशेबात तिचे प्रमाण दृश्य विश्वातल्या सगळ्या पदार्थाहून अधिक निघाले. पुढे आकडे खाली आले. २०२४ मध्ये तर ऋण ऊर्जा न लागणारे, प्रकाशाहून कमी वेगाचे समीकरणांचे एक उत्तर सापडले. पण त्यात सुमारे २० मीटर त्रिज्येच्या कवचात गुरू ग्रहाच्या दुपटीहून जास्त वस्तुमान कोंबावे लागते. मुख्य म्हणजे ते कवच ठरलेल्या वेगाने जाते, तो वेग त्याला कोणी द्यायचा हे उत्तर सांगत नाही. गाडी आहे, इंजिन नाही.

इथे हमखास कोणीतरी पुष्पक विमान काढते. २०१५ साली मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरही प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, याचे मला आजही दुःख आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच अशा दाव्यांचा आधार असलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमाने तपासली होती. ती उडू शकत नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकातला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुष्पक रामायणात शोभते, ते काव्य आहे. त्याला प्रयोगशाळेत ओढून आणले की काव्य आणि विज्ञान दोन्ही दुखावतात.

निसर्ग मात्र अवकाशकाल हलवून खरोखर धक्का देतो. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना गुरुत्वीय लहरी बाहेर पडतात. त्या एका बाजूला जास्त गेल्या, तर उरलेले कृष्णविवर उलट बाजूला फेकले जाते. रॉकेटच, फक्त मागे फेकलेला वायू म्हणजे खुद्द अवकाशकालाची लाट. २९ जानेवारी २०२० रोजी टिपलेल्या अशाच एका विलीनीकरणाच्या विश्लेषणातून धक्क्याचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर निघाला. त्या आकड्यात अनिश्चितता बरीच आहे. या लहरी आपल्यापर्यंत पोहोचतात तेव्हा त्या टिपणाऱ्या वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतका फरक पडतो. तो मोजणारी अशी एक वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे.