फाइल येते, परवाना मागे राहतो

परागकणांवर लिहायला बसले होते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपलेलं एखादं छायाचित्र हवं होतं. काटेरी चेंडू, जाळीदार गोळे, मधेच एखादी गुळगुळीत शेंगेसारखी आकृती असलं काहीतरी. शोधायला फार वेळ लागला नाही. एकच चित्र ठिकठिकाणी दिसत होतं. कुठे वॉलपेपर म्हणून, कुठे ॲलर्जीच्या माहितीसोबत, कुठे कोपऱ्यात भलत्याच नावाचा ठसा मारून. ते काढलं कुणी, हे मात्र कुठेच नाही. एका ठिकाणी ‘सौजन्य : इंटरनेट’ असं लिहिलं होतं. ‘सौजन्य : जग’ लिहिण्यापेक्षा त्यात काही जास्त माहिती आहे असं मला वाटत नाही.

मग चित्रच शोधपेटीत टाकून उलटा माग काढला. टिनआय किंवा गूगल लेन्स हे काम करतात. शब्दांऐवजी चित्राच्या रंगरेषांचा ठसा जुळवून तेच चित्र आणखी कुठे आहे ते दाखवतात. त्यातली सर्वांत मोठ्या आकाराची प्रत पाहत गेले आणि विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या संग्रहातल्या पानाशी पोचले. तिथे सगळं होतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विभागाचं हे चित्र. सूर्यफूल, मॉर्निंग ग्लोरी, लिली, एरंड वगैरेंचे परागकण, सुमारे ५०० पट मोठे केलेले. डावीकडे खाली जो घेवड्याच्या बीसारखा कण दिसतो, त्याची लांबी सुमारे ५० मायक्रोमीटर. आणि विभागाने स्वतःच ते पब्लिक डोमेनमध्ये सोडलेलं, म्हणजे कुणीही, कशासाठीही, विनाअट वापरावं.

गोची इथेच आहे. चित्र उतरवून घेतलं की फाइल आपल्याकडे येते, हे पान येत नाही. फाइलच्या पोटात निर्मात्याचं नाव आणि परवाना लिहून ठेवायची सोय असते, पण चित्र चढवताना अनेक संकेतस्थळं आकार लहान करतात आणि त्या नोंदी पुसल्या जातात. दोन-तीन हात बदलले की चित्र अनाथ होतं.

अनाथ म्हणजे मोकळं, असा मात्र अनेकांचा समज असतो. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ साली सुधारणा झाली आणि हक्कासाठी नोंदणी वगैरे सोपस्कारांची गरज उरली नाही. कृती घडली की कॉपीराइट लागू. अमेरिका या करारात आली १ मार्च १९८९ ला. तोवर तिथे कॉपीराइटची सूचना छापणं महत्त्वाचं होतं, आणि ‘गोल सी (©) दिसत नाही, म्हणजे चालेल’ ही समजूत बहुधा त्याच काळाची शिल्लक आहे. आज काहीच लिहिलेलं नसेल, तर सर्व हक्क राखीव आहेत असंच धरायचं.

ही कोंडी फोडायला क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने आले. कल्पना साधी होती : निर्मात्याने परवानगी आधीच लिहून ठेवायची. प्रत्येक परवाना तीन थरांत असतो. एक वकिलांसाठी, एक साध्या माणसांसाठी आणि एक यंत्रांसाठी. तिसरा थर म्हणजे पानाच्या कोडमधली ‘या कृतीचा परवाना हा’ असं सांगणारी छोटी खूण. गूगलच्या चित्रशोधातली वापरहक्कांची चाळणी अशा खुणांवर चालते. ओपनव्हर्स हे शोधयंत्रही मुळात परवान्यांच्या नोंदींची भलीमोठी सूचीच आहे, चित्रं असतात मूळ ठिकाणीच.

यंत्राला खूण वाचता येते, ती खरी की खोटी हे ठरवता येत नाही. कुणी दुसऱ्याचा फोटो आपल्या खात्यावर चढवून मुक्त परवान्यावर टिचकी मारली, तर चाळणी तो बिनदिक्कत पुढे ढकलते. आणि जो हक्क मुळात त्याचा नव्हता, तो आपल्याला मिळत नाही. खात्यावर शैलीचा काही ताळमेळ नसलेली चित्रं असतील, सगळी लहान आकाराची असतील, कॅमेऱ्याची नोंद एकाचीही नसेल, तर मी ते खाते सोडून देते.

परवान्यातल्या अटी चारच. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे बदल करून प्रसिद्ध केलंत तर तेही त्याच परवान्याखाली. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेली प्रत प्रसिद्ध करायची नाही. यांच्या जुळण्यांतून सहा परवाने होतात. शिवाय २००९ पासून ‘सीसी झिरो’ आहे, त्यात अटच नाही.

एनडीमध्ये अनुवादकांचा पाय हमखास अडकतो. अनुवाद हा कायद्याच्या दृष्टीने बदल आहे, त्यामुळे एनडी परवान्याचा लेख जसाच्या तसा छापता येतो, पण मराठीत आणून छापता येत नाही. एनसी त्याहून निसरडं. वापरणारा कोण यापेक्षा वापर कशासाठी, हे तिथे पाहिलं जातं. सेवाभावी संस्थेने चित्राच्या कॅलेंडरची विक्री मांडली तर ती अडचणीत येऊ शकते. लेखाशेजारी जाहिराती असतील तर काय, यावर एकमत नाही. मी सरळ एनसीच्या वाटेला जात नाही. विकिमीडिया कॉमन्सवर तर एनसी आणि एनडी दोन्ही स्वीकारतच नाहीत. आणि एसएची खरी गंमत मिश्रण करताना कळते. बाय-एसएचं चित्र आणि बाय-एनसी-एसएचं संगीत एकजीव करून चित्रफीत करता येत नाही. एक म्हणतो माझाच परवाना लावा, ज्यात विकायला मुभा आहे. दुसरा म्हणतो माझाच लावा, ज्यात विकायचं नाही. शेजारी शेजारी ठेवले तर दोघांचीही तक्रार नसते.

संगीताचं निघालंच आहे म्हणून. बीथोव्हन १८२७ मध्ये गेला, त्याच्या रचना कधीच मोकळ्या झाल्या. पण गेल्या वर्षी एखाद्या वाद्यवृंदाने केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं. रचना आणि मुद्रण यांचे हक्क वेगळे.

परवाना छायाचित्रकार देतो, फोटोतला माणूस नव्हे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात एका मोबाइल कंपनीने फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरचा ‘बाय’ परवान्याचा फोटो जाहिरातीत वापरला. त्यात अमेरिकेतली एक अल्पवयीन मुलगी होती, जाहिरातीचा मजकूर टिंगलीचा होता, आणि तिला काहीच विचारलेलं नव्हतं. कुटुंब न्यायालयात गेलं. दावा पुढे अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर बारगळला, पण चेहऱ्याची परवानगी कॉपीराइटच्या परवान्यात येत नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

परवान्याचा आवृत्ती क्रमांकही वाचायचा. २०१३ च्या ४.० आवृत्तीत श्रेय चुकलं, तर चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली की परवाना पुन्हा लागू होतो. आधीच्या आवृत्त्यांत ही सवलत नाही, अट मोडली की परवाना आपोआप संपला. काहींनी याचाच धंदा केला आहे : जुन्या आवृत्तीखाली सुंदर चित्रं ठेवायची, श्रेयात चूक करणारे हेरायचे आणि पैशांची नोटीस धाडायची.

एकदा दिलेला परवाना निर्मात्याला मागे घेता येत नाही. पण पानावरची खूण बदलता येते, आणि मग आपण चित्र घेतलं तेव्हा ते मुक्त होतं हे सिद्ध कसं करणार? फ्लिकरवरून कॉमन्सवर आलेल्या चित्रांचा परवाना एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तपासतो आणि तारखेसह नोंदवून ठेवतो, ते यासाठीच. मी त्या दिवशीचं पान वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात साठवते आणि फाइलच्या नावातच कर्ता व परवाना घालते.

परागकणांच्या चित्राला श्रेय देणं मला बंधनकारक नव्हतं. लेखात चित्राखाली तरीही एवढं छापलं : ‘विविध वनस्पतींचे परागकण. डार्टमथ कॉलेज, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विभाग. पब्लिक डोमेन, विकिमीडिया कॉमन्सवरून. उजवी कड कापली आहे.’