अनियंत्रित मधुमेह आणि मासिक पाळी

रक्तातली साखर बरेच महिने ताब्यात नसली की पाळीचं चक्र बिघडतं, म्हणजे पाळी लांबते, दोन-दोन महिने येतच नाही, आली तर अंगावरून खूप जातं नाहीतर नुसते डाग दिसतात. उलट पाळीमुळेही साखर दर महिन्याला वरखाली होते. टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) आणि टाइप २ (इन्सुलिन बनतं पण शरीर त्याला दाद देत नाही) मध्ये यामागची कारणं वेगळी आहेत, पण दवाखान्यात तक्रार एकाच दमात येते, ‘शुगर पण वाढलीय आणि डेट पण चुकलीय’.

या दोन्हींचा संबंध नेमका कधी जोडला गेला यावर एकमत नाही. सुश्रुतसंहितेवरच्या डल्हणाच्या टीकेत (डल्हण बहुधा १२ व्या शतकातला) दुसऱ्या कुठल्यातरी वैद्यकग्रंथातलं वचन येतं, त्याचा आशय असा की बायकांचं शरीर दर महिन्याच्या रजःस्रावाने शुद्ध होतं म्हणून त्यांना प्रमेह (आयुर्वेदातला लघवीच्या विकारांचा गट) होत नाही. प्रमेहाचे वीस प्रकार सांगितलेत आणि मधुमेह त्यातला फक्त एक, त्यामुळे हे वचन आजच्या डायबेटिसला जसंच्या तसं लावता येत नाही, आणि लावलं तर ते चूकच ठरतं. आधुनिक वैद्यकात काहीजण १९२१ पासून सुरुवात धरतात, त्या वर्षी फ्रान्समध्ये आशार आणि तिएर्स यांनी ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ असं वर्णन केलं. पण त्यात अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल) ग्रंथीचे आजारही मिसळले असावेत. स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये पाळी न येणं, केसाळपणा आणि सुजलेली बीजकोषं एकत्र मांडली (आपल्याकडे ज्याला सरसकट पीसीओडी म्हणतात ते), मात्र त्यात साखरेचा मुद्दा नव्हता. रक्तातलं जास्त इन्सुलिन आणि जास्त पुरुषी हार्मोन यांची सांगड १९८० मध्ये दाखवली गेली, तेव्हा तिथून मोजणं जास्त सुरक्षित वाटतं.

टाइप १ ची कथा वेगळी आहे. टोरांटोमध्ये १९२२ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन दिलं गेलं, त्याआधी या आजाराच्या मुली फार जगतच नसत, त्यामुळे पाळीचा प्रश्न फारसा यायचाच नाही. इन्सुलिन मिळायला लागलं पण पुरेसं नाही, अशा मुलांचं वर्णन पिएर मोरिआक यांनी १९३० मध्ये केलं: खुंटलेली उंची, मोठं झालेलं यकृत, लांबलेलं वयात येणं. कारण असं की इन्सुलिन कमी पडलं की पेशी उपाशी राहतात, मेंदूतलं हायपोथॅलॅमस बीजकोषांकडे जाणारे इशारे मंद करतं आणि बीज सुटत नाही. टाइप २ मध्ये मात्र इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं, बीजकोषांना जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं आणि यकृतातलं हे हार्मोन धरून ठेवणारं प्रथिनही कमी करतं. मानेवर काळे मखमली पट्टे दिसतात, घरचे मळ समजून घासत बसतात, तेही याच जास्त इन्सुलिनचं लक्षण. गंमत म्हणजे टाइप १ च्या बाईलाही पीसीओडी होतं, कारण टोचलेलं इन्सुलिन यकृताला टाळून आधी सगळ्या शरीरात फिरतं. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत (२००१) ज्यांचं चक्र ४० दिवस किंवा त्याहून लांब किंवा फार अनियमित होतं त्यांना पुढे टाइप २ होण्याचा धोका साधारण दुप्पट दिसला, म्हणजे पाळी कधीकधी साखरेच्या आधी बोलते.

पाळीच्या आधीच्या काही दिवसांत प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे इन्सुलिनचा असर कमी होतो, बऱ्याच जणींची सकाळची शुगर त्या आठवड्यात चढते आणि रक्तस्राव सुरू झाला की एकदम खाली येते. सगळ्यांना हे होत नाही. म्हणून मीटरचे आकडे आणि पाळीची तारीख एकाच वहीत टिपायची, दोन-तीन महिन्यांचा नमुना दिसला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या दिवसांत डोस वाढवता येतो, पण पाळी सुरू झाल्यावर तो पुन्हा उतरवायचा, नाहीतर शुगर लो होते. उलट्या, पोटदुखी असेल तर टाइप १ मध्ये ‘पाळीचंच दुखतंय’ म्हणून गप्प न बसता कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासावेत.

तीन महिने पाळी नसेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) यांच्या तपासण्या. टाइप १ सोबत थायरॉइडचा आजार बऱ्याचदा असतो. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने अंडोत्सर्ग परत सुरू होऊ शकतो, त्यामुळे पाळी येत नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्यांना दिवस जातात. गणपती-गौरीच्या सुमारास मेडिकलमधून परस्पर आणल्या जाणाऱ्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मधुमेहात विचारूनच घ्याव्यात, त्यातून उपास आणि मोदक हे दोन्ही एकाच आठवड्यात आले की मीटर गोंधळतो. किडनीवर परिणाम झालेला असेल तर मेफेनॅमिक ॲसिडसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्याही टाळाव्यात.

अंगावरून जास्त जाऊन लोह कमी झालेलं असेल तर एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) खरी असते त्यापेक्षा जास्त येऊ शकते, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर खोटी उतरलेली दिसते. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१) नुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक होत्या, तेव्हा नुसत्या या एका आकड्यावर औषध वाढवणं धोक्याचं, हिमोग्लोबिन आणि मीटरचे आकडे सोबत बघावेत. साखर जास्त असताना पाळीआधी खाज आणि पांढरं जाणं वाढतं, ते बुरशीचं इन्फेक्शन असतं, लघवीतून साखर काढणाऱ्या नव्या गोळ्यांनी ते जास्त होतं.

टाइप १ मध्ये पाळी कायमची लवकर जाते का याबद्दल २००१ च्या अमेरिकी अभ्यासात बराच मोठा फरक दिसला होता, नंतरच्या युरोपीय अभ्यासांत तो तसा दिसला नाही. साखरेवरचे उपचार सुधारल्यामुळे फरक कमी झाला असावा असं मत जास्त ग्राह्य वाटतं.