गाण्याच्या गावातला सतारीचा शिक्षक

विद्यापीठाच्या संगीत विभागात सतार किंवा व्हायोलिन कोणी शिकवायचं हा विषय निघाला, की बोलणं नेट-सेट या पात्रता परीक्षा, मंजूर पदं आणि तासिका तत्त्व (तासावर मानधन) इथं येऊन थांबतं. कोल्हापुरात या प्रश्नाची मुळं शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेच्याही, म्हणजे १९६२ च्याही, बरीच मागे जातात. या गावानं गाणाऱ्याला गुरू मानलं आणि वाजवणाऱ्याला साथीदार. गवयाच्या घरी शिष्य राहायला आले. सारंगीवाल्याला बिदागी देऊन निरोप दिला गेला. पुढं विद्यापीठात संगीताचा विभाग आला तोही याच मापानं.

शाहू महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना (१८५५–१९४६) दरबारात आणलं ते १८९५ च्या सुमारास. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी पुढं मुंबई गाठली. पण मधल्या पाव शतकात त्यांच्या घराण्याची जयपूर-अत्रौली गायकी इथं इतकी मुरली, की कोल्हापूरचं गाणं म्हणजे तेच असं समीकरण बसलं. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथंच राहिले. त्यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब याच्याही आधीचा, आणि त्याच्या नावातही ‘गायन’च आहे.

या सगळ्यात तंतुवाद्य शिकवलं जात नव्हतं असं मात्र नाही. प्रत्येक शिष्याला एक तंतुवाद्य यावंच लागे, ते म्हणजे तंबोरा. पंचम, मग जोडाच्या दोन तारा, शेवटी खर्ज, असा क्रम. खुंटी फिरवून सूर जवळपास आणायचा, मणी सरकवून तो नेमका बसवायचा आणि मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालायचा. हा दोरा केसभर पुढंमागं झाला तरी तारेचा झणत्कार मरतो किंवा नुसताच खरखरतो. तो नेमका कुठं थांबवायचा हे पुस्तकात लिहिता येत नाही. गुरू कान पुढं करून ऐकतो, नाही म्हणतो आणि शिष्य पुन्हा दोरा सरकवतो. जवारी, म्हणजे हा झणत्कार, जुळली की चार तारांतून न छेडलेला गंधारही ऐकू यायला लागतो. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं तंतुवाद्याचं खरं शिक्षण मला वाटतं हेच. पण ते गाण्याच्या पोटात दडलेलं असल्यामुळं त्याचा वेगळा शिक्षक कोणी नेमला नाही.

तंतुवाद्याला चरितार्थ दिला तो नाटकानं. खासबागेशेजारी शाहू महाराजांनी बांधवलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभं राहिलं. ऑगस्ट २०२४ च्या आगीत होरपळलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ते हेच. संगीत नाटकाला साथ तबला-सारंगीची असे. बालगंधर्वांच्या मागं थिरकवाँच्या तबल्याबरोबर कादरबक्षांची सारंगी असायची, हे जुने रसिक आजही आवर्जून सांगतात. मग ऑर्गन आला, पेटी आली आणि सारंगीची जागा आक्रसत गेली. कारण उघड होतं. सारंगीला तीन तातीच्या तारा आणि खाली तिसाहून जास्त तरफा, म्हणजे न छेडता गुंजणाऱ्या बारीक तारा. दौऱ्यावरच्या नाटक कंपनीत, त्यातून आमच्याकडच्या पावसाळ्यात, कातडं ढिलं पडलं की सगळं उतरलंच. पेटीला सूर लावायची भानगड नाही. वर पेटी वाजवणारेही असे निघाले, की तक्रारीला जागा उरली नाही. कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मलेले गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली, तरी कोल्हापूरच्या बैठकीतून पेटी हलली नाही. सारंगी मात्र परतली नाही, आणि तिच्याबरोबर तंतुवाद्य शिकवून पोट भरण्याची एक वाटही बुजली.

दुसरी वाट उघडली ती कुरुंदवाडच्या माणसानं. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ मध्ये तिथं जन्मले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपी, फी, परीक्षा या गोष्टी संगीतात रुळल्या त्या मुख्यतः तिथून. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा सतारीला आणि व्हायोलिनलाही लागू झाल्या. घराणं नसलेल्या, खाँसाहेबांच्या उंबऱ्याशी न पोचलेल्या मुलाला आता ‘विशारद’ होता येऊ लागलं, आणि विशारद झालेला माणूस शाळेत, क्लासमध्ये शिकवू लागला. या परीक्षांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण त्या नसत्या तर कोल्हापुरात सतारीच्या क्लासची पाटी किती घरांवर लागली असती, याची मला शंका आहे.

घराण्याचं गाणं आणि तंतुवाद्य एकत्र आणणारा माणूस म्हणजे गजाननबुवा जोशी (१९११–१९८७). वडील अंतूबुवा औंधच्या दरबारी गवई. गजाननबुवा स्वतः गायक, पण व्हायोलिनवादक म्हणूनही तितकेच नावाजलेले, आणि त्यांच्या गुरूंमध्ये भुर्जी खाँ होते. जयपूरच्या गायकीतली गुंतलेली तान गजाच्या एका ओढीत बसवायची तर नुसतं बोटांचं कसब पुरत नाही, बंदिश गळ्यात असावी लागते. कोल्हापूर पट्ट्यात तंतुवाद्याचा शिक्षक आधी गायला शिकलेला असतो, तो या धाटणीमुळं. याचा तोटाही झाला. सतारीचं स्वतःचं बाज-गतीचं (वादनशैली आणि तालबद्ध रचनांचं) व्याकरण, झाला हा द्रुत शेवट, मसीतखानी-रझाखानी या विलंबित-द्रुत गतींची रीतसर तालीम इथं दुय्यम राहिली. त्यासाठी दक्षिणेला धारवाडकडे बघावं लागे, जिथं बीनकार बंदे अली खाँचे शिष्य रहिमत खाँ सतार शिकवत होते. (कुरुंदवाडला अखेरचे दिवस काढलेले ग्वाल्हेरचे गवई रहिमत खाँ ते वेगळे. नावं एक, माणसं दोन, आणि घोटाळा नेहमीचाच.)

गंमत अशी, की वाद्य मात्र हाताशी होतं. कोल्हापूरहून रेल्वेनं तासाभरावर मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत शिरले आणि त्यांच्यामागून सतारमेकरांची घराणी उभी राहिली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, घडण मिरजेची, गिऱ्हाईक देशभरचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगली जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात येतो. म्हणजे सतारमेकर गल्ली आणि विद्यापीठाचा संगीत विभाग एकाच छत्राखाली. तरीही घोडी घासून जवारी काढणाऱ्या कारागिराचं ज्ञान आणि वर्गातला अभ्यासक्रम यांची गाठ पडते ती बहुधा वाद्य बिघडल्यावरच.

विद्यापीठांत संगीत उशिरा आलं. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची, लखनौचं मॅरिस कॉलेज १९२६ चं. मॅरिस कॉलेजात व्ही. जी. जोग व्हायोलिन शिकवत. बनारसला ओंकारनाथ ठाकुरांनी १९५० मध्ये संगीताचं काम हाती घेतलं, आणि पुढं तिथंच एन. राजम यांनी व्हायोलिनचे विद्यार्थी घडवले. या ठिकाणी तंतुवाद्याला आपली खुर्ची मिळाली, कारण ती संगीतासाठीच उभी राहिलेली केंद्रं होती. कोल्हापुरात १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, दरबाराचा आधार तुटला, आणि नंतर आलेलं विद्यापीठ शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांना पदवी मिळावी म्हणून आलं. त्यात संगीत आणि नाट्य एकाच विभागात नांदू लागलं. भारती वैशंपायन यांच्यासारख्या जयपूर गायकीतल्या गायिकेनं या विभागाचं प्रमुखपद सांभाळलं, हे गावाच्या परंपरेला धरूनच झालं.

आता नेमणुकीचे नियम. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत संगीताच्या सहायक प्राध्यापकासाठी मुख्य वाट पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट-सेट, किंवा पीएच.डी. ही आहे. नेटची परीक्षा बहुपर्यायी असते, तिथं मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं, करून दाखवावी लागत नाही. दुसरी वाट कलाकारांसाठी आहे: नामवंत गुरूकडे तालीम, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी, विषय समजावून सांगण्याची हातोटी, आणि वर त्या विषयातली पदवी. गुरूच्या घरी पंधरा वर्षं घासलेल्या सतारियाकडे नेमकी ही शेवटची गोष्ट नसते. २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय झाली, तिला पदवीची सक्ती नाही, पण ती मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच आणि मुदतही फार तर चार वर्षांची.

मग उरतं तासिका तत्त्व. तिथं मानधन घड्याळी तासावर. सतारीला अठरा-वीस तारा. वर्गात पाच मुलं असतील तर निम्मा तास सगळ्यांच्या तरफा लावण्यातच जातो, आणि तासपत्रकावर त्या दिवशी शिकवलेला घटक म्हणून राग यमन लिहावा लागतो.