लिंबू-सोड्याने दात पांढरे होतात का?

‘खायच्या सोड्यावर लिंबू पिळा, दातांवर घासा, दोन मिनिटांत डाग गायब’ हा निरोप कित्येक वर्षं फिरतोय. घासल्यावर दात उजळ दिसतातही, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे.

पण फसफसतो तो नुसता कार्बन डायऑक्साइड. वरवरचा डाग थोडाफार काढतो तो सोडा, श्रेय मात्र लिंबाला जातं. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 2 ते 3 असतो, आणि दातावरचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, साधारण 5.5 च्या खाली विरघळू लागतं. सोडा कमी पडला की आम्ल उरतं, इनॅमल मऊ होतं, आणि त्यावरच आपण घासत राहतो. झिजलेलं इनॅमल परत येत नाही. त्याखालचा थर मुळातच पिवळसर, म्हणजे पांढरे करता करता दात पिवळे!

घरी पडताळायचं तर अंड्याचं कवच रात्रभर लिंबाच्या रसात बुडवा आणि सकाळी बोटाने दाबून बघा. (कवच म्हणजे दात नव्हे, पण दोन्हींत कॅल्शियम असतं आणि आम्लापुढे दोन्ही झिजतात.)

चहाचे, मिश्रीचे डाग दंतवैद्याकडच्या सफाईत बहुतेक निघतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पडणारे डाग मात्र इनॅमलच्या आतच असतात. ते घासून जात नाहीत.