मंजुरी वेगळी, तरतूद वेगळी: महायुतीचा प्राधान्यक्रम नेमका कुठे वाचायचा?

सोलापुरात सात रस्ता असो, पार्क चौक असो की होटगी रोड, 'मंजूर' हा शब्द लिहिलेला फलक दिसला नाही असं सहसा होत नाही. अमक्या रस्त्याला इतके कोटी मंजूर, तमक्या योजनेला तितके. सत्तेत तीन पक्ष असल्यामुळे एकाच कामाचे आभार तीन फलकांवर मानलेले असतात. वाचणाऱ्याची समजूत होते की पैसे आले, आता काम सुरू होणार. दोन वर्षांनी तोच फलक नव्या फोटोंसह लागतो आणि मग लोक चिडतात, 'सगळे चोर' म्हणून मोकळे होतात. त्या चिडण्याने काही हाती लागत नाही. फलकावर लिहिलेलं बहुतेक वेळा खरंच असतं, फक्त ती मंजुरी असते आणि आपण तिला तरतूद समजून बसतो.

मंजुरी म्हणजे सरकारी भाषेत प्रशासकीय मान्यता. मंत्रिमंडळ किंवा एखादा विभाग ठरवतो की हे काम करायचं आहे आणि त्याला अंदाजे इतका खर्च येईल. शासन निर्णय निघतो, त्यावर सही होते. पण त्या सहीने तिजोरीतला एक रुपयाही जागचा हलत नाही.

तरतूद विधिमंडळात होते. राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक विभागाच्या मागण्या विधानसभेत मताला टाकल्या जातात आणि २०४ नुसार विनियोजन विधेयक मंजूर होतं, तेव्हाच सरकारला खर्चाचा अधिकार मिळतो. तोही एका वर्षापुरता. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद संपते. वर्षाच्या मध्ये पैसे कमी पडले तर २०५ व्या अनुच्छेदाखाली पुरवणी मागण्या आणाव्या लागतात. मंजुरीचं मात्र तसं नाही, ती कागदावर वर्षानुवर्षं जिवंत राहू शकते. सुपारी फुटली म्हणजे अक्षता पडल्या असं होत नाही, हे दर जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला गर्दी करणाऱ्या सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

दोन्हींतला फरक ओळखायला शासन निर्णय उघडून दोनच ठिकाणं पाहावीत. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ते सगळ्यांना मोफत मिळतात. पहिलं ठिकाण विषयाची ओळ. 'प्रशासकीय मान्यता देण्याबाबत' असेल तर ती मंजुरी, 'निधी वितरित करण्याबाबत' असेल तर पैसा निघाला. दुसरं ठिकाण शेवटच्या पानावरचा, कुणीही न वाचणारा परिच्छेद. तिथे मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा त्याचा सांकेतिक क्रमांक, दिलेलं असेल आणि 'सदर खर्च सन २०२५-२६ मध्ये उपलब्ध तरतुदीतून भागवावा' असं लिहिलं असेल तर पाया पक्का. 'निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून' एवढंच असेल तर फलक लावायची घाई झाली आहे. कधी कधी लेखाशीर्ष उघडलेलं असतं, पण समोर हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद असते. म्हणजे खातं उघडलं, त्यात भरायचं अजून बाकी आहे.

युतीच्या सरकारात हा फरक जास्त महत्त्वाचा ठरतो. मंजुरी कितीही वाटता येते. भाजपच्या आमदाराला रस्ता, शिंदेंच्या शिवसेनेच्या आमदाराला पूल, राष्ट्रवादीच्या आमदाराला सभागृह. कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. तरतुदीचा आकडा ठरलेला असतो. एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. म्हणून युतीला खरोखर काय हवं आहे, हे मंत्रिमंडळाच्या निर्णयांच्या यादीत सापडत नाही, अर्थसंकल्पाच्या मागण्यांमध्ये सापडतं.

महायुतीची सगळ्यात गाजलेली योजना घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली आणि ऑगस्टमध्ये महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये पडायला लागले. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी कोल्हापूरच्या सभेत महायुतीने दहा आश्वासनं दिली. त्यात ही रक्कम २,१०० करणं, शेतकऱ्यांची कर्जमाफी, अंगणवाडी आणि आशा सेविकांना महिना १५,००० रुपये, वीजबिलात ३० टक्के कपात हे सगळं होतं. तीन पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या. मग १० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवारांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला आणि लाडक्या बहिणीसाठी ३६,००० कोटींची तरतूद केली.

हा आकडा जरा जवळून पाहू. १,५०० रुपयांप्रमाणे एका महिलेचे वर्षाचे १८,००० होतात. ३६,००० कोटींना १८,००० ने भागलं की बरोबर दोन कोटी महिला निघतात. त्या वेळी लाभ घेणाऱ्या महिला दोन कोटी चाळीस लाखांच्या पुढे होत्या. म्हणजे २,१०० तर दूरच, आहेत तेवढ्या सगळ्यांना वर्षभर १,५०० देण्याइतकीही ती रक्कम नव्हती. २,१०० द्यायचे असते तर तेवढ्याच महिलांसाठी साठ हजार कोटींच्या पुढे लागले असते. त्या दिवशी सभागृहात आणि बाहेर '२,१०० कधी' यावर गदारोळ झाला आणि 'योग्य वेळी' असं उत्तर मिळालं. उत्तर खरं तर तरतुदीच्या ओळीत छापलेलं होतं: या वर्षी वाढ नाही, आणि यादी कमी होणार. पुढे जुलैमध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार अर्जदारांचा लाभ थांबवला आहे. सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीची झाली. ज्यांनी मार्चमध्ये तो भागाकार केला असेल त्यांना याचं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं.

मी या योजनेच्या विरोधात नाही. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाचे दीड हजार येतात, तेव्हा घरातलं तिचं वजन वाढतं. औषध, पोरीची फी, गॅस यांसाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. तिच्यापर्यंत ही योजना पोचली याचं कारणच हे आहे की तिच्या मागे मंजुरी नाही तर तरतूद उभी होती. म्हणूनच माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. सरकारने मनात आणलं की तरतूद दोन महिन्यांत करता येते, हे या योजनेने सिद्ध केलं. मग अंगणवाडी सेविकांना १५,००० रुपयांसाठी जिल्हा परिषदेच्या पूनम गेटवर उन्हात का बसावं लागावं? त्यांचं आश्वासनही त्याच सभेत, त्याच यादीत होतं.

पैसा कुठून आला हेही पाहिलं पाहिजे. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी लाडक्या बहिणीकडे वळवले गेले. त्या त्या समाजातल्या लाभार्थी महिलांसाठीच तो निधी वापरला जातो, असं सरकारचं म्हणणं होतं. पण सामाजिक न्याय खात्याचे मंत्री, शिवसेनेचे संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. गरज नसेल तर खातंच बंद करा, इथपर्यंत ते बोलले. खाती कुणाकडे होती ते लक्षात घ्या. निधी गेला शिवसेनेच्या आणि भाजपच्या मंत्र्यांच्या खात्यातून, मिळाला राष्ट्रवादीच्या खात्याला, आणि ज्या अर्थ खात्यातून हे सगळं चालतं तेही तेव्हा राष्ट्रवादीकडेच होतं. युतीतली भांडणं वाहिन्यांवर जागावाटपाची म्हणून दाखवतात. खरी ओढाताण या ओळींत असते, आणि तिची झळ वसतिगृहात राहणाऱ्या, शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या पोराला लागते. सणाला मिळणारा आनंदाचा शिधाही याच काळात थांबला, आणि लाडक्या बहिणीमुळे निधीची ओढाताण आहे हे अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनी स्वतःच सांगितलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्ग, सुमारे ८४ किलोमीटर. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान सोलापुरात आले तेव्हा मंजुरीची बातमी घराघरात पोचली होती. मूळ अंदाज ९०४ कोटींचा. निम्मा वाटा राज्याने उचलायचा होता. महाविकास आघाडीच्या काळात राज्याच्या वाट्याचा निर्णय रखडला, सत्तांतरानंतर तो झाला. तोवर आणि त्यानंतरही खर्च फुगत गेला आणि सुधारित आकडा तीन हजार कोटींच्या पुढे पोचला. मंजुरी एकदाच झाली आणि सगळ्यांनी तिचे आभार मानले, तरतूद मात्र हप्त्याहप्त्याने येते. मधल्या वर्षांचा भुर्दंड शेवटी करदात्याच्याच डोक्यावर.

याच्या शेजारी विमानतळ ठेवून पाहा. बोरामणीचा नवा विमानतळ किती वर्षं मंजूर आहे, हे शहरातल्या व्यापाऱ्यांना विचारा. जमीन घेतली गेली, वनजमिनीचा पेच आला, आणि घोडं तिथेच अडलं. होटगी रोडच्या जुन्या विमानतळाचं काम मात्र झालं. विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरणाचं उद्घाटन झालं, २०२५ मध्ये गोवा आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं. मुंबईचं विमान परवडावं म्हणून राज्याने व्यवहार्यता तफावत निधी दिला, म्हणजे भाडं कमी ठेवल्याने विमान कंपनीला येणारा तोटा भरून देण्याची तरतूद केली. तेव्हा सोलापूरसाठी पैसा नसतो असं म्हणता येत नाही. विमानाला तरतूद मिळाली. ज्या शहरात नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी आलं, ज्या शहराच्या पाण्यासाठी उजनीपासून ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकायला इतकी वर्षं गेली, तिथे वस्त्यांमधल्या वितरण व्यवस्थेला तेवढ्याच तत्परतेने पैसा का मिळत नाही? मला विचाराल तर सोलापूरच्या बाबतीत महायुतीचा प्राधान्यक्रम इथेच उघडा पडतो, आणि आधीच्यांचाही काही वेगळा नव्हता.

शक्तिपीठ महामार्गावर मात्र मंजुरी आणि पैसा हातात हात घालून निघाले. २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, ८६,३०० कोटी. आपल्या जिल्ह्यातूनही जाणार. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०,७८७ कोटींना मान्यता दिली आणि त्यातला मोठा भाग कर्जातून उभा करायचं ठरवलं. त्याच वर्षी अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी दाखवलं होतं. आणि त्याच पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मार्चमध्ये मांडलेला हिशेब जुलैपर्यंत टिकत नसेल, तर मार्चमधलं भाषण ऐकून काय समजायचं?

यात एकट्या महायुतीला धरणं बरोबर नाही. महाविकास आघाडीने नियमित कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन द्यायचं मार्च २०२० मध्ये जाहीर केलं. मग कोरोना आला, तिजोरी आटली. १०,००० कोटींची तरतूद मार्च २०२२ मध्ये झाली, आणि पैसे खात्यात पडले तेव्हा सरकार बदललेलं होतं. घोषणा एका युतीची, वाटप दुसरीकडून. घोषणेच्या आणि तरतुदीच्या वेळी अर्थमंत्री तेव्हाही अजित पवारच होते. शेतकऱ्याला या श्रेयाच्या वादाशी काय देणंघेणं? त्याची अडीच वर्षं गेली ती गेलीच.

कर्जमाफीच्या आश्वासनाचं पुढे काय झालं तेही याच नजरेने पाहायला हवं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी समिती नेमून ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याची ग्वाही दिली. लोकांनी तारीख लक्षात ठेवली, पण त्या तारखेला मिळणार होती ती मंजुरी. सीनेच्या पुरात ज्यांची माती वाहून गेली त्या माढा-मोहोळच्या शेतकऱ्याने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. कोणत्या वर्षाच्या अर्थसंकल्पात किती कोटी? एकरकमी की हप्त्याने? आणि आतापर्यंत वितरित किती? हे प्रश्न आमदारांना, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, अधिवेशनाच्या आधी लेखी द्यावेत. दर अधिवेशनात पुरवणी मागण्यांचं पुस्तक सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं. सहकार विभागाची मागणी त्यात कुठल्या पानावर आहे आणि तिच्यासमोर किती रुपये लिहिले आहेत, ते आमदारांनी गावात येऊन वाचून दाखवावं.