बीटा सिस्टम : जाणं सोपं होत गेलं, परतणं अवघड

आयफोन आणि आयपॅडच्या सिस्टमची, म्हणजे ते चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, पुढची आवृत्ती दरवर्षी जूनमध्ये जाहीर होते, पावसाळाभर तिच्या कच्च्या प्रती, म्हणजे बीटा, येत राहतात आणि सप्टेंबरात पक्की सुटते. अँड्रॉइडचंही बरीच वर्षं थोड्याफार फरकानं असंच होतं. अँड्रॉइड १६ मात्र २०२५ मध्ये जूनलाच पक्की होऊन आली. विदर्भातल्या कास्तकाराचे नेमके हेच महिने गर्दीचे. पेरणी, डवरणी, पीक विमा, मग वावरात उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो, आणि २०२५ पासून कापूस हमीभावानं विकायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी. हे सगळं घरातल्या एकाच फोनवर. त्यामुळे कच्ची सिस्टम टाकून पाहण्याचा प्रश्न दोन-तीन फोन बाळगणाऱ्या शहरी माणसाला वेगळा आणि आपल्याकडे वेगळा.

या हौसेचं मूळ अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांत आहे. कंपन्या तेव्हा सामान्य माणसाला कच्ची सिस्टम देतच नव्हत्या. लोकांनी ती स्वतः तयार केली. २००९ मध्ये सुरू झालेली सायनोजेनमॉड ही अशीच लोकांनी केलेली सिस्टम. ती २०१६ च्या डिसेंबरात बंद पडेपर्यंत अमरावती-यवतमाळच्या हॉस्टेलांत ‘रोम मारणं’, म्हणजे फोनमधली सिस्टम काढून दुसरी चढवणं, हा रोजचा उद्योग होता. टूजीवर दोन-तीनशे एमबीची फाइल उतरवायला रात्र जायची आणि मध्येच लाईन गेली की पहिल्यापासून सुरुवात. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद भाग, उघडायचा, रिकव्हरी, म्हणजे सिस्टम टाकण्या-दुरुस्तीचा वेगळा भाग, बदलायची, वॉरंटी सोडून द्यायची. चुकीच्या मॉडेलची फाइल पडली की फोन डेड. शिरणं असं अवघड होतं.

पण परतणं सोपं होतं, आणि याची आठवण आता फार कमी जणांना आहे. रोम मारण्याआधी रिकव्हरीतून नॅन्ड्रॉइड बॅकअप घ्यायचा, म्हणजे फोनची जशीच्या तशी नक्कल मेमरी कार्डावर. नवी सिस्टम पटली नाही की तीच नक्कल परत चढवायची. मेसेज, ॲप, अगदी वॉलपेपरसुद्धा होता तिथे. ज्यानं बॅकअप घेतला त्याला भीती नव्हती. सुरक्षितपणे करून पाहणं याचा अर्थ त्या काळी इतका सरळ होता.

पुढे कंपन्यांनी स्वतःच दारं उघडली. अँड्रॉइड एल या आवृत्तीची कच्ची प्रत जून २०१४ मध्ये गूगलच्याच नेक्सस ५ आणि नेक्सस ७ साठी मिळाली, पण ती संगणकावरून टाकावी लागे. मार्च २०१६ मध्ये अँड्रॉइड एनच्या वेळी नोंदणी केली की नेहमीच्या अपडेटसारखी बीटा फोनवर येऊ लागली. २०१८ मध्ये इतर ब्रँडचे सात फोनही त्यात आले. आयफोनकडे आधी वर्षाला ९९ डॉलर भरणाऱ्या डेव्हलपरलाच, म्हणजे ॲप बनवणाऱ्यालाच, कच्ची प्रत मिळायची. त्याच्या खात्यावर शंभर उपकरणांची मर्यादा असे, आणि काही जण त्यातल्या जागा चक्क विकत. २०१५ च्या जुलैत आयओएस ९ ची बीटा सर्वांना खुली झाली, तरी डेव्हलपर प्रत हवी असणारे त्रयस्थ संकेतस्थळांवरून प्रोफाइल फाइल, म्हणजे फोनला बीटा मिळवून देणारी छोटी फाइल, घेऊन फोनमध्ये टाकत राहिले. ती फाइल कुठून आली हे पाहायची सोय नव्हती. जून २०२३ पासून डेव्हलपर प्रतही मोफत झाली. सेटिंगमध्ये जाऊन दोन वेळा बोट लावलं की झालं. ती चोरवाट त्यामुळे बंद झाली, हा या निर्णयाचा मोठा फायदा मानावाच लागेल.

वाद आहे तो परतीचा. अँड्रॉइडची बीटा मध्येच सोडली तर फोनमधला सगळा साठा, म्हणजे फोटो, मेसेज, ॲप, पुसूनच जुनी आवृत्ती बसते. आयफोन संगणकाला जोडून पुन्हा भरावा लागतो, आणि बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढेलच असं नाही. याची दोन कारणं सांगितली जातात आणि दोन्ही खरी आहेत. एक, नवी सिस्टम मेसेज, फोटो, संपर्क यांची मांडणी बदलते, आणि ती जुनीला वाचता येत नाही. दुसरं, साठ्याच्या कुलपाच्या किल्ल्या सिस्टमच्या आवृत्तीशी बांधलेल्या असतात. जुनी आवृत्ती मोकळेपणी टाकता आली तर चोरलेल्या फोनवर जुनं भगदाड असलेली सिस्टम चढवून कुलूप तोडता येईल. म्हणून २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये मागे जाण्याला आडकाठी करणारी सोय आली. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलच्या पिक्सेल ६ मालिकेच्या फोनवर अँड्रॉइड १३ बसल्यावर १२ वर परतण्याचा रस्ताच बंद केला गेला, आणि ती तर पक्की आवृत्ती होती.

विरोधकांचं म्हणणं असं की फोन ज्याचा, त्यावर काय चालवायचं हेही त्यानंच ठरवावं. माझा कल साठा पुसण्याच्या बाजूनं आहे. ज्या फोनमध्ये यूपीआय आहे तो चोराच्या हाती उघडा पडण्यापेक्षा कोरा झालेला बरा. पण शिरायची बटणं मोठी आणि परतीची अट खाली बारीक इंग्रजीत, हे मान्य होण्यासारखं नाही. साठा पुसला जाणं म्हणजे काय, ते गावात पाहावं. बँकेच्या पासबुकाचा फोटो, सातबाराची पीडीएफ, जिनिंगच्या काटापट्टीचा फोटो गेला. यूपीआय नव्यानं जोडायचं तर बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, त्यात मेसेजपुरता बॅलन्स हवा. पिन आठवला नाही तर डेबिट कार्ड लागतं, आणि ते बहुधा मुदत संपून ट्रंकेत पडलेलं असतं. नाहीतर आधारचा ओटीपी. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात मजुरी द्यायची असताना हे अंगावर आलं तर माणूस कोणाकडे जाणार?

याच प्रश्नावर २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये एक चांगली वाट निघाली होती, डायनॅमिक सिस्टम अपडेट्स नावाची. फोनमधला साठा न पुसता नवी सिस्टम तात्पुरती चालवायची आणि रीस्टार्ट केलं की मूळ सिस्टम परत. नॅन्ड्रॉइडच्या काळानंतर परतीचा असा विचार पहिल्यांदाच झाला. पण ती प्रत्येक मॉडेलवर चालत नाही, मोकळी जागा मागते, आणि तालुक्याच्या दुकानांत सॉफ्टवेअर मारून देणाऱ्यांच्या तोंडी तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. यापेक्षा मोठ्यानं सांगायला हवी अशी गोष्ट या इतिहासात दुसरी नाही.

अलीकडच्या दोन घटनांनी मात्र सावधपणा वाढला. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ची पहिली बीटा टाकल्यावर एका ब्रँडचे काही फोन बंद पडले आणि ती प्रत मागे घ्यावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये तर महिनोन्‌महिने बीटात तपासलेली, पक्की म्हणून सुटलेली आयपॅडओएस १८ एम४ चिपचे काही आयपॅड निकामी झाल्यावर त्या मॉडेलसाठी थांबवली गेली.

तेव्हापासून जाणकार सांगतात ते थोडक्यात असं: बीटा टाकायची ती सिम नसलेल्या जुन्या फोनवर किंवा टॅबवर. मुलीला परीक्षेच्या तयारीसाठी योजनेतून मिळालेल्या टॅबला हात लावायचा नाही. अपडेट काही जीबींचं असतं, ते रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर सुरू करायचं नाही. बॅकअप संगणकावर, आणि तो बीटा टाकण्याआधीचा. एवढं करूनही कोणी अडकलाच, तर घाईनं मागे न जाता पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबायचं. ती बसली की पुढची बीटा येण्याआधी नोंदणी काढता येते आणि तेव्हा साठा पुसला जात नाही. आयफोनवरही सेटिंगमधून बीटा बंद करून पुढच्या पक्क्या आवृत्तीची वाट पाहिली की तेच साधतं.