एका यंत्राला न झेपणारी गणितं: समांतर गणनाची पार्श्वभूमी

कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली एक संगणक पूर्ण क्षमतेनं चालू झाला. निर्वात नळ्यांवर चालणारा, 40 बिटांचा एक ‘शब्द’, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा आकडा, आणि असे 2048 शब्द मावतील एवढी मेमरी. आजच्या मापानं ही मेमरी जेमतेम 10 किलोबाइट भरते. आर. नरसिंहन यांच्या गटानं तो इथंच बांधला होता आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. मुंबईतल्या संगणकाची गोष्ट ही अशी प्रयोगशाळेत सुरू होते, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पगारपत्रकं आणि बिलं काढायला यंत्रं पुढे आली. आधी आले ते भौतिकशास्त्रातले प्रश्न, जे कागद-पेन्सिलीनं सुटत नव्हते.

संगणकीय विज्ञान म्हणजे याच प्रकारचं काम. समीकरण माहीत आहे, पण त्याचं उत्तर सूत्रात बसत नाही. मग ते आकड्यांनी, पायरीपायरीनं काढायचं. प्रयोग आणि सिद्धांत यांच्या जोडीला विज्ञानाचा हा तिसरा मार्ग आहे, असं 1980 च्या दशकात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन ठासून सांगत होते. पण त्याआधी वीस वर्षं या मार्गावर माणसं चालू लागली होती. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान त्यांपैकी एक. 1964 मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत त्यांनी द्रवरूप अर्गॉनचे 864 अणू संगणकात हलवून पाहिले. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचं बल किती, तो पुढच्या क्षणी कुठे जाईल, तिथून पुन्हा बल किती, असं क्षणाक्षणानं. 864 अणूंच्या जोड्याच होतात 3,72,816. या कामासाठी त्यांनी वापरलेला सीडीसी 3600 हा संगणक त्याच वर्षी कुलाब्यातही आला आणि टिफ्रॅकची जागा त्यानं घेतली. जगातल्या एका अव्वल प्रयोगशाळेच्या हातात जे साधन होतं, तेच मुंबईतल्या संशोधकांच्याही हाताशी होतं. असे प्रसंग पुढे फार आले नाहीत.

पण एकच यंत्र, एका वेळी एकच आज्ञा, ही मर्यादा पहिल्यापासून बोचत होती. एकच काम अनेकांनी एकाच वेळी वाटून घ्यायचं, याला समांतर गणन म्हणतात, आणि ही कल्पना तर संगणकाहूनही जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता हवामानाचं गणित हातानं केलं. 20 मे 1910 या दिवसाचे आकडे घेऊन सहा तासांत वायुदाब किती बदलेल ते त्यानं काढलं. उत्तर आलं 145 मिलिबार. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. तरीही 1922 मध्ये त्यानं हे सगळं छापलं, चुकलेल्या उत्तरासकट. सोबत एक आराखडाही मांडला: एका प्रचंड गोल दालनात 64,000 माणसं बसली आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा आहे, प्रत्येक जण आपल्या तुकड्याचं गणित करतो आणि शेजाऱ्याला आपला आकडा दाखवतो, मधल्या मनोऱ्यावरून एक जण सगळ्यांची गती सांभाळतो.

आजचा महासंगणक नेमकं हेच करतो. वातावरणाचे चौकोन पाडायचे, एकेका गटाचे चौकोन एकेका प्रोसेसरला द्यायचे आणि प्रत्येक पायरीनंतर कडेच्या चौकोनांचे आकडे शेजारच्या प्रोसेसरला पाठवायचे. चौकोन किती बारीक हवेत, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्यात फक्त 73. शहर तेच, दिवस तोच. ज्या मॉडेलचा चौकोन अख्ख्या मुंबईपेक्षा मोठा, त्याला हा फरक दिसूच शकत नाही. मग चौकोन बारीक करा. पण लांबी-रुंदी निम्मी केली की चौकोन चौपट होतात, शिवाय गणित कोसळू नये म्हणून वेळेची पायरीही निम्मी करावी लागते. म्हणजे काम आठपट. आणखी एकदा निम्मं केलं की चौसष्टपट. पाऊस पडून गेल्यावर आलेल्या अंदाजाचा उपयोग काय? समांतर गणनाची निकड या साध्या हिशेबातून येते.

सगळीच कामं मात्र एकसारखी वाटली जात नाहीत. ट्रॉम्बेला 1956 मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्टीत न्यूट्रॉन कुठे जातात हे काढायची एक पद्धत मॉन्टे कार्लो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या लॉस अलामॉस अणुप्रयोगशाळेत उलाम, फॉन नॉयमन आणि मेट्रोपोलिस या शास्त्रज्ञांनी ती घडवली. एकेका न्यूट्रॉनची वाटचाल फाशांच्या भरवशावर मोजायची, अशा लाखो वाटचाली करायच्या आणि सरासरी घ्यायची. एका न्यूट्रॉनच्या वाटचालीला दुसऱ्याशी देणंघेणं नाही, म्हणून हजार प्रोसेसरांवर हे काम सुखानं विभागता येतं. हवामानाचं तसं नाही. तिथे शेजाऱ्याचा आकडा आल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. अणू, वारा, धरणाची भिंत, विमानाचा पंख, प्रत्येक प्रश्नाची वाटणी वेगळी, आणि ती शोधणं हाच या विषयाचा गाभा आहे. नवशिके बहुधा प्रोसेसर किती ते आधी विचारतात. आधी विचारायला हवं ते हे, की कोणाला कोणासाठी थांबावं लागणार.

हा प्रश्न 1967 मध्ये आयबीएमच्या जीन अॅम्डाल यांनी कडक शब्दांत मांडला. गणेशचतुर्थीला मोदक वळायला दहा जणी बसल्या तरी उकड एकाच पातेल्यात निघते. ती निघेपर्यंत बाकीचे हात रिकामे. प्रोग्रॅमचा 5 टक्के भाग असा न वाटता येणारा असेल, तर प्रोसेसर कितीही लावा, वेग 20 पटींपलीकडे जात नाही. या युक्तिवादानं पुढची वीस वर्षं अनेकांचा उत्साह थंड केला. त्यातच इलियाक 4 या महत्त्वाकांक्षी यंत्राची योजना 256 प्रोसेसरांची होती, प्रत्यक्षात 64 च झाले आणि ते नीट कामाला लागेपर्यंत 1975 उजाडलं. त्या काळात बाजी मारली ती 1976 च्या क्रे-1 नं, आकड्यांच्या रांगाच्या रांगा एका दमात हाताळणाऱ्या एका अतिवेगवान प्रोसेसरच्या जोरावर. अॅम्डालला उत्तर मिळालं 1988 मध्ये. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या जॉन गुस्ताफसन यांनी 1024 प्रोसेसरांवर हजारपटींहून जास्त वेग दाखवला. त्यांचं म्हणणं असं की मोठं यंत्र मिळालं की शास्त्रज्ञ जुनाच प्रश्न लवकर सोडवून घरी जात नाही, तो मोठा प्रश्न घेतो, आणि प्रश्न मोठा झाला की वाटता येणारा भागच वाढतो. दोघेही बरोबर होते.

भारतात हा विषय रुजला तो नकारातून. 1980 च्या दशकाच्या अखेरीस क्रे महासंगणक मागितला, तर अमेरिकेनं अटी घातल्या. दिल्लीतल्या हवामान केंद्राला मिळाला तो एका प्रोसेसरचा एक्स-एमपी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला नाहीच. मात्र एक क्रे बांधता येत नसला, तरी बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर जोडता येतात, हे बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं 1986 मध्येच फ्लोसॉल्व्हर या आपल्या समांतर संगणकानं दाखवलं होतं. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला, ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा जोडून. परमचं कौतुक मराठी घरांत पुष्कळ झालं आणि ते रास्तच आहे.

ट्रॉम्बेच्या अनुपम या महासंगणकाचं नाव मात्र त्या मानानं कमी ऐकू येतं, याची मला खंत वाटते. भाभा अणुसंशोधन केंद्रानं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इंटेलचे आय860 प्रोसेसर जोडून ही मालिका सुरू केली. अणुकेंद्राला परदेशी महासंगणक मिळणं तर इतरांहून अवघड, आणि 1998 च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आणखी आवळले गेले. अनुपम विकण्यासाठी बांधलेला नव्हता. ज्यांना गणितं करायची होती त्यांच्याच आवारात, त्यांच्याच गरजेसाठी तो वाढला. यंत्र बांधणारे आणि वापरणारे एकाच आवारात असले की वाटणीचा प्रश्न समोरासमोर सोडवता येतो.

तिकडे 1994 मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी 16 साधे पीसी इथरनेटच्या तारांनी जोडून बिओवुल्फ हा क्लस्टर, म्हणजे एकत्र राबणारा संगणकांचा संच, उभारला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात मिळावेत असले भाग आणि लिनक्स ही फुकटची कार्यप्रणाली. अनुपमच्या पुढच्या आवृत्त्याही पीसीच्या प्रोसेसरांकडे वळल्या. 1994 मध्येच एमपीआय हे प्रमाणही ठरलं: एका प्रोसेसरनं दुसऱ्याला निरोप कसा पाठवायचा याचे सर्वमान्य नियम. माझ्या मते कोणत्याही चिपेपेक्षा एमपीआयचे उपकार मोठे आहेत, कारण त्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालू लागला. आज तीस वर्षांनंतरही हवामानाची मोठी मॉडेलं त्यावर चालतात.

शेवटचा धक्का उष्णतेनं दिला. चिपेवरचे ट्रान्झिस्टर जसे लहान होत गेले, तसा वीज न वाढवता प्रोसेसरच्या घड्याळाचा, म्हणजे त्याच्या पायऱ्यांचा, वेगही वाढत होता. ही वेगवाढ 2004 च्या सुमारास थांबली, कारण चिपा फार तापू लागल्या. इंटेलनं 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम रद्द केला आणि 2005 मध्ये पीसीच्या एकाच चिपेवर दोन कोअर, म्हणजे दोन प्रोसेसर, आले. तेव्हापासून समांतर गणन हा फक्त प्रयोगशाळांचा विषय उरला नाही. खिशातल्या फोनमध्येही आठ-आठ कोअर असतात. 2007 पासून ग्राफिक्स कार्डांवर सर्वसाधारण गणितं करणं सोपं झालं आणि हजारो बारीक कोअर एकत्र राबू लागले. कुलाब्याच्या टाटा संस्थेतल्या संशोधकांनी दरम्यान क्रे एक्स1 वर क्वार्क आणि ग्लुऑन या अणुगर्भातल्या मूलकणांचं गणित अवकाश-काळाच्या जाळीवर मांडलं होतं. तिथेही चौकोन, तिथेही शेजाऱ्याचा आकडा.

2015 मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झालं. 2024 मध्ये पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत 11.77 पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या गणिती क्रिया) अर्क हा महासंगणक सुरू झाला आणि त्यानंतर देशाच्या हवामान मॉडेलचा चौकोन 12 वरून 6 किलोमीटरवर आला. मुंबईवर कोसळणाऱ्या ढगाचा मधला उसळता प्रवाह याहूनही अरुंद असू शकतो, म्हणून तो अजूनही अंदाजपंचे सूत्रांनी धरावा लागतो. आणखी निम्मं करायचं तर पुन्हा आठपट काम, आणि आता अडतं ते बेरीज-गुणाकारापाशी नाही. एक आकडा दूरच्या मेमरीतून आणायला जी वीज लागते, ती त्याचा गुणाकार करायला लागणाऱ्या विजेच्या कित्येक पट असते.